मत कुठून आलं, हे मालकाला विचारू नका

राजकीय मतांची चौकशी आपण नेहमी एकाच खिडकीवर करतो: "तुम्हाला असं का वाटतं?" समोरचा दोन-चार कारणं सांगतो, आपण ती खोडतो, तो नवी दोन काढतो. तास-दीड तास जातो, आवाज चढतात आणि मत जिथल्या तिथे. हलेल कसं? खोडलेल्या कारणांवर ते उभंच नव्हतं. ते नंतर लावलेले टेकू होते, त्यातले निम्मे शोभेचे.

याचं सगळ्यात स्वच्छ प्रात्यक्षिक स्वीडनमध्ये झालं. २०१० ची सार्वत्रिक निवडणूक तोंडावर आली असताना लार्स हॉल, पेटर योहान्सन आणि थॉमस स्ट्रँडबर्ग यांनी मतदारांना गाठलं. आधी विचारलं, मत कोणत्या आघाडीला देणार आणि ते कितपत पक्कं आहे. मग पॅडला लावलेला एक कागद हातात दिला. त्यावर बारा मुद्दे, सगळे डाव्या आणि उजव्या आघाडीत वाद असलेले: पेट्रोलवरचा कर, आरोग्याचे लाभ अशा धाटणीचे. आपलं मत जिथे बसतं तिथे खूण करायची. मतदार खुणा करत असताना संशोधक शेजारी उभा राहून तशाच दुसऱ्या कागदावर खुणा करत होता, पण विरुद्ध आघाडीकडे झुकणाऱ्या. पॅड परत हातात आलं की हातचलाखीने ही खोटी उत्तरं खऱ्या उत्तरांवर चिकटवली जायची. मग तेच पॅड पुन्हा मतदारापुढे: इथे तुम्ही असं म्हटलंय, जरा समजावून सांगाल का?

बदललेल्या उत्तरांपैकी जास्तीत जास्त २२ टक्के उत्तरांवर लोकांनी बोट ठेवलं. बाकीची त्यांनी समजावून सांगितली. आपण दिलेलीच नाहीत, उलट आपल्या मूळ खुणेच्या विरुद्ध जातात, अशी उत्तरं, सरळ पूर्ण वाक्यांत. शेवटी सगळ्या खुणांची बेरीज करून "तुमचा एकूण कल इकडे दिसतो" असं दाखवलं, तेव्हा ९२ टक्के लोकांनी ती बनावट बेरीज आपली म्हणून मान्य केली. त्यानंतर मत कोणाला देणार हे पुन्हा विचारलं. ४८ टक्क्यांपर्यंत लोक दुसऱ्या आघाडीचा विचार करायला तयार होते.

या लोकांना वेड्यात काढण्याचं कारण नाही. त्या निवडणुकीत स्वीडनमध्ये मतदान ८० टक्क्यांच्या वर झालं, म्हणजे राजकारणाशी घेणंदेणं नसलेली ही माणसं नव्हेत. डोक्यातला कारणं पुरवणारा भाग हा पावती फाडणारा कारकून असतो, एवढंच. माल कधीच आत येऊन पडलेला असतो. माल कोणी आणला, कोणत्या गाडीतून आला, हे त्याला ठाऊक नसतं. त्याच्यापुढे जे येईल त्याची पावती तो फाडतो, आणि अक्षर इतकं वळणदार असतं की मालकालाही ती खरी वाटते.

म्हणून उगम शोधताना मालकाची साक्ष सगळ्यात शेवटी घ्यायची. आधी बाकीचे पुरावे.

मुळात मत आहे का?

ही पायरी बहुतेक जण गाळतात आणि पुढचं सगळं बिघडतं. फिलिप कॉन्व्हर्स यांनी १९६४ मध्ये अमेरिकेतल्या अशा मुलाखतींचं विश्लेषण मांडलं, ज्यात त्याच माणसांना १९५६, १९५८ आणि १९६० मध्ये तेच प्रश्न विचारले होते. वीज आणि घरबांधणी सरकारने खासगी क्षेत्रावर सोडावी का, या प्रश्नाला कितीतरी जणांची उत्तरं दर खेपेला अशी फिरत होती, जणू नाणं उडवून दिली असावीत. मत बदललं म्हणावं तर मागे काही विचार दिसला पाहिजे, तो दिसत नव्हता. प्रश्न समोर आला, काहीतरी बोलायला हवं होतं, ते बोलले. त्याच अभ्यासात विचारसरणीच्या चौकटीत राजकारणाकडे बघणारे अडीच टक्के निघाले. तशा शब्दांना धरून चालणारे, पण फार खोलात न जाणारे आणखी ९ टक्के. सगळ्यात मोठा गट, ४२ टक्के, "कोण आमच्या लोकांचा आहे" एवढ्यावर पक्ष आणि उमेदवार तोलत होता.

त्यानंतर सिनसिनाटीच्या संशोधकांनी "१९७५ चा सार्वजनिक व्यवहार कायदा" रद्द करावा का, असं लोकांना विचारलं. असा कायदा अस्तित्वातच नव्हता. तरी सुमारे एक तृतीयांश लोकांनी ठाम हो किंवा ठाम नाही सांगितलं.

शब्द बदलले की उत्तर बदलतं, हे तर त्याच्याही आधीपासून माहीत आहे. १९४० मध्ये अमेरिकेत विचारलं गेलं: लोकशाहीविरोधी जाहीर भाषणांना परवानगी द्यावी का? ६२ टक्के म्हणाले, देऊ नये. दुसऱ्या गटाला विचारलं: अशा भाषणांवर बंदी घालावी का? ४६ टक्केच म्हणाले, घालावी. परवानगी न देणं आणि बंदी घालणं यात व्यवहारात काहीच फरक नाही, पण "बंदी" हा शब्द जड आहे, तो उच्चारायला जीभ कचरते. प्रश्नांचा क्रमही तितकाच घात करतो. १९४८ मध्ये "कम्युनिस्ट देशांच्या पत्रकारांना अमेरिकेत येऊन हव्या तशा बातम्या पाठवू द्याव्यात का" असं थेट विचारलं तेव्हा ३६ टक्के हो म्हणाले. आधी "अमेरिकी पत्रकारांना तिकडे जाऊ द्यावं का" हे विचारून मग तोच प्रश्न केला, तर ७३ टक्के. मधे काही घडलं नव्हतं. आधीच्या प्रश्नाने फक्त न्यायाचं माप समोर आणून ठेवलं, आणि एका हाताने मागून दुसऱ्या हाताने नाकारणं अवघड झालं.

तेव्हा एखाद्या सर्वेक्षणात "अमुक टक्के जनतेचं मत" दिसलं की प्रश्नाचं नेमकं वाक्य आणि त्याच्या आधीचा प्रश्न बघितल्याशिवाय त्या आकड्याला हात लावू नये.

घरातून नाव येतं, कारणं येत नाहीत

केंट जेनिंग्ज आणि रिचर्ड नीमी यांनी १९६५ मध्ये अमेरिकेतल्या शाळेच्या शेवटच्या वर्गातली १,६६९ मुलं घेतली आणि त्यांच्या पालकांच्या वेगळ्या मुलाखती घेतल्या. मुलांना "आईवडील काय मानतात" असं विचारून भागवलं नाही, हा या अभ्यासाचा मोठेपणा. पक्षनिष्ठेत आईवडील आणि मुलं यांचा सहसंबंध ०.४७ निघाला. (१ म्हणजे तंतोतंत जुळणी, ० म्हणजे काहीच संबंध नाही.) मग एकेक मुद्दा घेतला: शाळांमधलं वर्णीय एकीकरण ०.३४, शाळेतली प्रार्थना ०.२९, राजकारण्यांबद्दलचा अविश्वास ०.१२. पक्षाचं नाव घरातून सहज उतरतं, मुद्दे तितके उतरत नाहीत.

असं का होतं ते उघड आहे. पक्षाचं नाव छोटं असतं, वर्षानुवर्षं कानावर पडतं आणि त्याला आवाजाचा सूर जोडलेला असतो. बातम्यांमध्ये एक चेहरा दिसला की घरातलं मोठं माणूस कसं श्वास सोडतं, हे सहा वर्षांच्या मुलालाही कळतं. करप्रणालीवरचं मत असं श्वासातून कळत नाही, त्यासाठी कोणीतरी बसून बोलावं लागतं. ते फार थोड्या घरांत होतं.

पुढे याला दोन पोटकलमं जोडली गेली. क्रिस्टोफर ओहेदा आणि पीटर हातेमी यांनी २०१५ मध्ये दाखवलं की अमेरिकेतली निम्म्याहून जास्त मुलं एकतर आईवडिलांचा पक्ष चुकीचा ओळखतात किंवा ओळखूनही नाकारतात. म्हणजे "आमच्या घरात सगळे अमुकच" ही आठवणही तपासून घेण्यासारखी. दुसरं जरा गमतीचं: घरात राजकारणाची चर्चा जितकी जास्त, तितकी मुलं लहानपणी आईवडिलांसारखी, पण मोठेपणी दूर जाण्याची शक्यताही त्यांचीच जास्त. कारण राजकारणात रस घ्यायची सवय त्यांना घरातून लागते, आणि ती सवय त्यांना घराबाहेरच्या वादांत घेऊन जाते.

रक्ताचा भाग किती, हा प्रश्न इथे हमखास येतो. जुळ्यांच्या अभ्यासांत एकरूप जुळी आणि भिन्न जुळी यांची मतं किती जुळतात याची तुलना करतात. २००५ च्या एका गाजलेल्या विश्लेषणात २८ मुद्द्यांच्या एकत्रित निर्देशांकात आनुवंशिकतेचा वाटा ४० टक्क्यांच्या थोडा वर निघाला, पक्षनिष्ठेत मात्र बराच कमी. याचा अर्थ "पुराणमतवादाचं जनुक" असा करणाऱ्यांपासून चार हात लांब राहावं. नवं, अनोळखी, विस्कळीत असं काही समोर आलं की कोणाला मजा वाटते, कोणाला धास्ती. हा स्वभाव काही अंशी जन्मजात असतो, आणि त्या स्वभावाला कोणता झेंडा मिळेल हे बाहेरचं जग ठरवतं. शिवाय पौगंडावस्थेत हा वाटा जवळपास दिसतच नाही. घर सुटल्यावर, विशीच्या आसपास, तो वर येतो. घराचं छप्पर असेपर्यंत स्वभाव दबून असतो.

अठरावं वर्ष

कार्ल मानहाइम यांनी पिढी या कल्पनेवर १९२८ मध्ये लिहिलं तेव्हा त्यांचं म्हणणं असं होतं की पिढी जन्मसालाने होत नाही. कोवळ्या वयात एकत्र सोसलेल्या घटनांनी होते. अमेरिकेतल्या अनेक दशकांच्या मतदानाचा हिशेब मांडून अँड्र्यू गेलमन आणि सहकाऱ्यांनी या कोवळ्या वयाला आकडे लावले: साधारण १४ ते २४ हा काळ सगळ्यात ओला, शिखर अठराच्या आसपास. अठराव्या वर्षी अनुभवलेली राजकीय घटना चाळिसाव्या वर्षीच्या घटनेपेक्षा सुमारे तिप्पट ठसा उमटवते.

ओल्या मातीत कोणाचा हात पडतो? थिओडोर न्यूकम यांनी १९३५ ते १९३९ या काळात अमेरिकेतल्या बेनिंग्टन कॉलेजमधल्या मुलींचा अभ्यास केला. मुली बहुतेक श्रीमंत, परंपरेने रिपब्लिकन घरांतल्या. प्राध्यापक आणि जुन्या विद्यार्थिनी रूझवेल्टच्या बाजूच्या. १९३६ च्या अध्यक्षीय निवडणुकीत पहिल्या वर्षाच्या मुलींपैकी ६२ टक्के रिपब्लिकन लँडनच्या बाजूने होत्या, साधारण त्यांच्या आईवडिलांइतक्याच. दुसऱ्या वर्षात ४३ टक्के. शेवटच्या दोन वर्षांत १५.

वर्गात कोणी उमेदवाराचा प्रचार करत नव्हतं. न्यूकम यांनी जे मोजलं ते साधं होतं: कॉलेजात मान कोणाला मिळतो, प्रतिनिधी म्हणून कोणाला निवडतात. मान मिळणाऱ्या मुली उदारमतवादी होत्या. जिला त्या वर्तुळात जागा हवी होती, तिची मतं सरकली. जी दर सुट्टीत घरी धावत होती आणि जिचे खरे मित्रमैत्रिणी घराकडेच होते, ती फारशी सरकली नाही. १९६० च्या सुमारास त्याच बायकांना पुन्हा गाठलं तेव्हा बहुतेकींची नवी मतं टिकून होती. का टिकली याचं उत्तरही माणसांतच होतं. त्यांनी नवरे आणि मैत्रिणी त्याच मतांचे निवडले होते. मत माणसांमुळे आलं, मग मताने माणसं निवडली, आणि त्या माणसांनी पुढची वीस वर्षं मत सांभाळलं.

पोटाला चिमटा बसला तर?

आपल्याला वाटतं लोक फायद्यावर मतं बनवतात. बहुतेक प्रश्नांत हा दुवा आश्चर्य वाटावं इतका कच्चा निघतो. कराचा दर दोन टक्क्यांनी बदलला तर आपल्याला नेमके किती पडतील, याचा हिशेब कोणी करत नाही. पण फायदा-तोटा मोठा, स्वच्छ आणि दाराशी येऊन उभा असेल तर गोष्ट वेगळी.

१ डिसेंबर १९६९. व्हिएतनाम युद्धासाठी सक्तीची भरती, आणि क्रम लॉटरीने ठरणार. वर्षाच्या ३६६ तारखा निळ्या प्लॅस्टिकच्या कुप्यांत घालून काचेच्या बरणीत टाकल्या. पहिली निघाली १४ सप्टेंबर. त्या दिवशी जन्मलेल्यांचा क्रमांक १. आकडा लहान तर बोलावणं जवळजवळ नक्की, आकडा मोठा तर सुटका. संशोधकाला स्वप्नातही मिळणार नाही असा प्रयोग सरकारनेच करून ठेवला: कोणाला भीती वाटावी हे निव्वळ चिठ्ठीने ठरलं. गंमत म्हणजे जेनिंग्ज-नीमींची १९६५ ची मुलं याच वयाची होती आणि त्यांची जुनी मतं नोंदलेली होती. रॉबर्ट एरिकसन आणि लॉरा स्टोकर यांनी २०११ मध्ये त्या नोंदी आणि लॉटरीचे आकडे शेजारी ठेवले. लहान आकडा मिळालेल्या, कॉलेजकडे निघालेल्या तरुणांचा युद्धविरोध वाढला यात नवल नाही. पण ते एकूणच उदारमतवादाकडे आणि डेमोक्रॅटिक पक्षाकडे सरकले, शाळेतली पक्षनिष्ठा सोडून. त्यातला बराचसा ठसा दशकांनंतरही शाबूत होता, भरतीचा विषय कधीच संपला होता तरी. एका कुपीने घरचा वारसा पुसला. मात्र अशा कुप्या आयुष्यात एखाददुसऱ्याच येतात.

शिक्का बघून माल

रोजच्या व्यवहारात मतं येतात ती शिक्का बघून. जेफ्री कोहेन यांनी २००३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात विद्यार्थ्यांना गरिबांना मदतीच्या योजना वाचायला दिल्या. एक उदार: एक मूल असलेल्या कुटुंबाला महिन्याला सुमारे ८०० डॉलर, वर इतर सवलती. दुसरी कंजूष: २५० डॉलर, सवलती जवळपास नाहीत. पक्षाचं नाव नसताना अपेक्षेप्रमाणे उदारमतवादी उदार योजनेकडे, पुराणमतवादी कंजूष योजनेकडे. नाव टाकलं की आतला मजकूर जणू नाहीसा झाला. आपल्या पक्षाने पाठिंबा दिलाय असं कळलं की उदारमतवाद्यांना २५० डॉलर पुरेसे वाटू लागले आणि पुराणमतवाद्यांना ८०० रास्त. कशामुळे ठरवलंत, तर दोन्हीकडचं उत्तर एकच: योजनेतल्या तपशिलामुळे. पक्षाचा प्रभाव? तो दुसऱ्यांवर पडतो. कारकुनाने पावती फाडली.

मतं गाठोड्याने येतात तीही याचमुळे. कराबद्दलचं मत आणि लग्नाबद्दलचं मत यांना जोडणारा तर्क शोधून सापडत नाही, पण एका देशात ती दोन एका गाठोड्यात असतात आणि दुसऱ्या देशात वेगवेगळ्या. गाठ तर्काने मारलेली असती तर सगळीकडे सारखीच बसली असती.

मग शिकलेले, आकडे कळणारे लोक तरी यातून सुटतात? डॅन काहान यांनी १,१११ जणांना दिलेलं हे कोडं स्वतः सोडवून बघा. त्वचेवरच्या पुरळावर एक नवं क्रीम. लावलेल्यांपैकी २२३ जणांचं पुरळ कमी झालं, ७५ जणांचं वाढलं. न लावलेल्यांपैकी १०७ जणांचं कमी झालं, २१ जणांचं वाढलं. क्रीम गुणकारी की घातक?

२२३ हा आकडा डोळ्यांत भरतो आणि बोट तिकडे जातं. हिशेब करा: लावलेले एकूण २९८, त्यातले बरे झालेले ७५ टक्के. न लावलेले १२८, त्यातले बरे ८४ टक्के. क्रीम न लावलेलं बरं. निम्म्याहून जास्त लोक इथे चुकले, आणि आकड्यांत पक्के असलेले अर्थातच कमी चुकले. मग तेच आकडे, फक्त शीर्षकं बदलली: लपवून पिस्तूल बाळगण्यावर बंदी घातलेली शहरं, न घातलेली शहरं, गुन्हे घटले, गुन्हे वाढले. आता आकड्यांत पक्के असलेले लोक उत्तर आपल्या बाजूचं असेल तेव्हाच शेवटपर्यंत गणित करत होते. पहिल्या नजरेला दिसलेलं उत्तर सोयीचं असलं की पेन खाली. हुशारी असलेल्यांचा पक्षपात जास्त, हा भाग नंतरच्या पुनरावृत्तींत तितका ठळक दिसला नाही. पण हुशारीने पक्षपात कमी होतो, असं म्हणायला मात्र आधार नाही.

माध्यमांवर मी फार शब्द खर्च करत नाही, कारण त्यांना गरजेपेक्षा जास्त श्रेय मिळतं. फॉक्स न्यूज ही अमेरिकेतली उजवीकडे झुकणारी वाहिनी ज्या गावांत आधी पोहोचली तिथे २००० पर्यंत रिपब्लिकन मतं ०.४ ते ०.७ टक्क्यांनी वाढली. अटीतटीच्या निवडणुकीत हे पुरतं, पण याला माणूस बदलणं म्हणत नाहीत. सप्टेंबर २०२० मध्ये फॉक्स बघणाऱ्यांना तासाला १५ डॉलर देऊन महिनाभर उलट सुराची सीएनएन वाहिनी बघायला लावलं. काही समजुती सरकल्या. पैसे थांबले, लोक आपल्या वाहिनीवर परतले आणि बहुतेक समजुतीही परतल्या. त्याच वर्षी फेसबुकवर हजारो लोकांचा अल्गोरिदम काढून तीन महिने पोस्टी नुसत्या वेळेच्या क्रमाने दाखवल्या. ध्रुवीकरणाची सुई हलली नाही. तोवर लोकांचे शिक्के पक्के झालेले होते.

स्वतःच्या मताची उलटतपासणी

कागद आणि पेन घ्या. मोबाइलवर नको, तिथे आधीचं उत्तर सारखं दिसत राहतं.

मत एकच घ्या, आणि त्यात काय करावं ते असू द्या: "सरकारने अमुक करावं." "भ्रष्टाचार वाईट आहे" हे मत नाही, त्याला कोणाचा विरोध नाही. शहाण्यासुरत्या माणसांत ज्याला विरोधक सापडतील असंच वाक्य हवं. त्यापुढे ० ते १०० मध्ये आकडा आणि तारीख लिहा. कागद घडी करून ठेवा आणि महिन्याने न बघता पुन्हा आकडा लिहा. पंचविसाहून जास्त फरक पडला तर माझ्या ठोकताळ्याने ते मत नसून त्या दिवशीची हवा आहे. उगम शोधण्यात वेळ घालवू नका.

तारीख लिहायची सक्ती का? ग्रेगरी मार्कस यांनी त्याच १९६५ च्या मुलांची १९७३ ची नोंदलेली मतं घेतली आणि १९८२ मध्ये त्यांना विचारलं, नऊ वर्षांपूर्वी तुमचं मत काय होतं? लोकांची आठवण १९७३ च्या खऱ्या उत्तरापेक्षा १९८२ च्या उत्तराच्या जास्त जवळ होती. "मी पहिल्यापासूनच हे म्हणत होतो" असं म्हणणारा माणूस सहसा खोटं बोलत नसतो. त्याची जुनी वही आतल्या आत नव्याने लिहिली गेलेली असते. कागदावरची तारीख मात्र बदलत नाही.

मग ते मत दहा ओळींत समजावून लिहा आणि जे शब्दप्रयोग तुमचे नाहीत ते अधोरेखित करा. मला या पायरीवर सगळ्यात जास्त भरवसा आहे. माणूस कारणं विसरतो, कोणी सांगितलं ते विसरतो, पण उसन्या वाक्याची ठेवण तशीच राहते. एरवी तुम्ही कधीच वापरत नाही असा एक शब्द, एक ठरावीक उपमा, एक आकडा ज्याचा स्रोत आठवत नाही. असे तीन सापडले तर ते आणखी कोणाच्या तोंडी असतात, हे आठवायला फार वेळ लागत नाही.

नंतर यंत्रणा लिहा. का करावं ते नको, कसं चालेल ते: पैसा कुठून येईल, कोण वाटेल, कोण तपासेल, पहिल्या महिन्यात काय अडेल. कपड्याची चेन (झिप), कुलूप, शौचालयाचा फ्लश या वस्तू आपल्याला पूर्ण कळतात असं लोकांना वाटतं आणि पायरीपायरीने लिहायला बसवलं की ते स्वतःच समज कमी असल्याचं कबूल करतात, हे २००२ मध्ये रोझेनब्लिट आणि कील यांनी दाखवलं. २०१३ मध्ये फिलिप फर्नबाक यांनी धोरणांवर तेच केलं. समज कमी असल्याची जाणीव होते, हे पुन्हा पुन्हा दिसलं आहे. त्याने मत सौम्य होतं, हे मात्र कधी दिसलं, कधी नाही. तेवढी अपेक्षा आवरती घ्यावी. आणि "कसं" लिहिताना "का" शिरू देऊ नका. कारणं लिहायला बसवलं तर ही जाणीव होत नाही.

शेवटी दोन प्रश्न. हेच धोरण दुसऱ्या पक्षाने आणलं असतं तर आकडा किती? आणि उद्या उलट मत जाहीर केलं तर किती जणांना तोंड देणं अवघड जाईल? दुसऱ्याचं उत्तर नावांनी लिहा. पाचच्या वर नावं झाली तर ते मत सोडण्याची किंमत पुराव्यात मोजली जाणार नाही, नात्यांत मोजली जाईल.

यात हमखास होणाऱ्या चुका दोन. पहिली, लोक स्वतःचं सोडून मेहुण्याचं मत कागदावर घेतात. दुसरी जास्त अवघड: उगम सापडला की मत खोटं ठरलं असं वाटू लागतं. आईकडून आलेलं मत बरोबर असू शकतं, स्वतः शोधलेलं चूक असू शकतं. उगम एवढंच सांगतो की आजवर या मताची तपासणी झाली आहे की नाही. बहुतेकदा झालेली नसते.

दुसऱ्याच्या मताला हात घालायचा असेल तर सावध. जोशुआ कॅला आणि डेव्हिड ब्रुकमन यांनी २०१८ मध्ये अमेरिकेतल्या ४९ प्रचार-प्रयोगांचा हिशेब एकत्र केला. सार्वत्रिक निवडणुकीत पत्रकं, फोन, दारोदार प्रचार यांनी मतं वळण्याचा सरासरी परिणाम जवळपास शून्य. दारात उभं राहून केलेल्या संवादाने मतं बदलतात असा गाजावाजा झालेला २०१४ चा एक निबंध तर विदा (गोळा केलेली आकडेवारी) बनावट असल्याच्या संशयावरून पुढच्याच वर्षी मागे घेतला गेला, आणि तो संशय पुढे आणणाऱ्यांत हीच जोडी होती. मग त्यांनी तसाच प्रयोग मायामीत नीट केला. ५६ कार्यकर्ते, ५०१ मतदार, ट्रान्सजेंडर व्यक्तींना भेदभावापासून संरक्षण हा विषय, दारात सुमारे दहा मिनिटं. मतदाराचं मत आधी ऐकून घ्यायचं, चेहरा न बदलता. मग त्याला विचारायचं, वेगळेपणामुळे तुम्हाला कधी कोणी कमी लेखलं होतं का, आणि तो सांगेल ते पूर्ण ऐकायचं. बदल झाला, आणि तो तीन महिन्यांनीही होता.

२०२० मध्ये त्यांनी आणखी तीन प्रयोग प्रसिद्ध केले, त्यात जवळपास सात हजार मतदार. एका प्रकारच्या भेटीत अनुभवांची देवाणघेवाण आणि युक्तिवाद दोन्ही ठेवले, दुसऱ्या प्रकारात अनुभव काढून टाकून युक्तिवाद तेवढे ठेवले. पहिल्या प्रकारचा परिणाम चार महिन्यांनीही मोजता येत होता. दुसऱ्या प्रकाराचा पहिल्या आठवड्यातही सापडला नाही.